टॉवर नसतानाचे निरोप

२१ जुलै २०२०

शुमकार,

हे पत्र तुझ्या हातात येईल तेव्हा तुर्दुबेक मामांनी तुला समोर बसवून सगळं सांगितलेलं असेल. त्याआधी ते तुला मिळू नये, अशी सोय केली आहे. म्हणून सरळ लिहितो. तुझी आई गेली. या महिन्याच्या अकरा तारखेला, दुपारी.

आपल्याकडे मरणाची बातमी फोनवर देत नाहीत, हे तुला सांगायला नको. माणसाला बोलावून घ्यायचं, वडीलधाऱ्यांनी त्याच्या दोन्ही बाजूंना बसायचं, मग सांगायचं. तू तिकडे रशियात, सुरगुतला, सरहद्द बंद, विमानं बंद. मामा म्हणाले, "येईल तेव्हा सांगू. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही." मी मान हलवली. आणि उघडायचं म्हटलं तरी फोन कुठून करणार? आपला टॉवर जूनमध्येच पडला.

पाडला, असं लिहायला हवं. कादिरच्या ट्रॅक्टरला साखळी लावली आणि टेकडीवरून खाली ओढला. तू मार्चमध्ये गेलास तेव्हा नुसती बोलणी चालली होती. नंतर गावं बंद झाली, माणसं घरात बसली आणि मोबाइलवर दिवसभर तेच ऐकू लागली. फाइव्ह-जी आलं, त्यानं रक्त पातळ होतं, त्यानंच हा ताप पसरतो. गंमत अशी की हे सगळं त्याच टॉवरवरून येत होतं. साखळी टॉवरच्या पायाला तुझ्या आईनं बांधली. युर्ताच्या तंबूची दोरी बांधतात ती गाठ. दुसऱ्या कुणाची गाठ टिकेना.

तुमचं भांडण मी विसरलेलो नाही. तू सभेत उठून म्हणालास, "हा जुनाच टॉवर आहे. फाइव्ह-जी वगैरे काही नाही. मी स्वतः वर चढून अँटेना बसवलाय."

आई म्हणाली, "वर चढलास तेव्हाच डोक्यावर परिणाम झाला. आईला भाजायचे पैसे कंपनी वेगळे देते का रे, की पगारातच धरलेत?"

सगळे हसले, तू हसला नाहीस. तू म्हणालास, "मग तुझा मोबाइल टाक चुलीत. गावात सगळ्यांत जास्त तूच बोलतेस त्यावर."

तेव्हाही सगळे हसले. त्या वेळी आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू वाटेला लागताना चाखायचा नानही न चाखता घर सोडलंस. ती दारात नान हातात घेऊन उभी होती, हे तू पाहिलं नसशील. मी पाहिलं.

ताप चढला तेव्हा ती म्हणाली, साधी सर्दी आहे. पाचव्या दिवशी श्वास लागला. रुग्णवाहिकेला फोन करायला कादिर गाडी घेऊन घाटापर्यंत गेला, कारण रेंज तिथं मिळते. रुग्णवाहिका आली, पण सगळं आटोपल्यावर आली. त्याच आठवड्यात कादिरची कालीमानही गेली, तुझ्या एसेनची आई. गावातली नऊ माणसं गेली. एसेनलाही कुणी काही कळवलेलं नाही. तुम्ही दोघं एकाच खोलीत राहता, म्हणून हे लिहिलं.

बाकी पुढच्या पत्रात. मला एका वेळी फार लिहिता येत नाही.

तुझे वडील


२ ऑगस्ट

शुमकार,

आईसाठी युर्त अंगणातच उभारला होता. बाहेर मुलानं काठीवर टेकून उभं राहायचं आणि येणाऱ्याबरोबर रडायचं. मुलगा नव्हता. मामांनी तुझ्या उंचीची काठी निवडली आणि दाराच्या उजव्या बाजूला नुसती टेकवून ठेवली. ताप असल्यामुळे माणसं थोडीच आली. पण जे आले ते वाटेतूनच हंबरडा फोडत आले आणि काठीपुढे येऊन थांबले. काठीला काय सांगणार? तरी सांगितलं. वारा सुटला की ती युर्ताच्या नमद्यावर घासायची. आत बायका भिंतीकडे तोंड करून विलाप म्हणत होत्या आणि बाहेर तो घासण्याचा आवाज. तो आवाज मला अजून आठवतो.

ती काठी मी टाकली नाही. खळ्याजवळ ठेवली आहे.

टॉवर टेकडीच्या उतारावर आडवा आहे. आपल्या गावात रस्त्यावरचा खिळा कुणी पडू देत नाही, पण त्या लोखंडाला कुणी हात लावलेला नाही. मेंढ्या तिथवर चरत जातात आणि वळसा घालून पुढे निघतात. मी जनावरांत जन्म घालवला, पशुवैद्य म्हणून तीस वर्षं सरकारी पगार खाल्ला. मेंढरं लोखंडाला भीत नाहीत. त्या बाजूचं गवत मी तपासलं. गवत चांगलं आहे.

झूराकान आजी रोज दुपारी घराबाहेर येऊन टेकडीकडे मूठ दाखवते. मी म्हणालो, "आजी, तो पडलाय आता."

"पडलाय तर गुणगुणतो कोण?"

"मला तर काही ऐकू येत नाही."

"तुला तुझ्या बुरुलचं बोलणंही ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर गुणगुण मलाही ऐकू येते. दुपारी सगळं शांत असलं की दातांत जाणवते. आणि कधी कधी मांडीशी खिशात काहीतरी थरथरतं. हात घालतो तर खिसा रिकामा. माझा बटणांचा फोन मी कधीच खिशात ठेवत नाही, तो फळीवर असतो. कादिरलाही तसंच होतं. इतरांना मी विचारलेलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

आईचा फोन मी चार्ज करून ठेवतो. ती रोज सांगायची, म्हणून सवय लागली. काल तो उघडला. टॉवर पडल्यानंतरही ती तुला निरोप बोलून ठेवत होती. खिडकीशी बसून बोलायची, हे मला माहीत होतं. मी एकदा म्हणालो होतो, "अगं, रेंज कुठं आहे?" ती म्हणाली, "बोलून ठेवते. जातील." "कशानं जातील?" "तू जनावरांचं बघ," ती म्हणाली. जिनं साखळी बांधली तीच हे म्हणत होती.

ते सगळे निरोप तसेच आहेत. प्रत्येकापुढे घड्याळाची छोटी खूण आहे, म्हणजे अजून गेलेले नाहीत. छोटे छोटेच आहेत. शेवटचा मात्र पाऊण तासाहून मोठा आहे आणि तो अकरा जुलैच्या दुपारी सुरू झालेला आहे.

तिनं बोलायला फोन उचलला असेल, बोट सरकलं असेल आणि फोन पांघरुणात गेला असेल. तो चालूच राहिला. मामी गादी उचलायला आल्या तेव्हा काहीतरी दिवा दिसतोय म्हणून त्यांनी बटण दाबलं. हे त्यांनीच मला सांगितलं, त्यात काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. मला ऐकून बघायची गरज नाही. मी त्या खोलीत होतो.

बाकीचेही मी ऐकलेले नाहीत. ते माझ्यासाठी नाहीत. आई कशी होती तुला माहीत आहे. माया केली असेल किंवा मार्चमधलं भांडण पुढे चालवलं असेल. दोन्ही तिला शोभतं.

रेंज आली की हे सगळं आपोआप तुझ्याकडे निघेल. तुला कुणी काही सांगितलेलं नसताना तू ते कानाला लावशील. मी फोन बंद करून पेटीत ठेवला आहे, कपड्यांच्या तळाशी.

तुझे वडील


२३ ऑगस्ट

शुमकार,

काल टॉवरसाठी पुन्हा सभा झाली. तोंडाला फडकी बांधून सगळे शाळेच्या मैदानात बसलो होतो, लांब लांब. बिश्केकहून कंपनीचा माणूस आला होता. हातात लहान यंत्र. ते वर धरून म्हणाला, "बघा, आकडा मर्यादेच्या किती खाली आहे."

झूराकान आजी म्हणाली, "टॉवर आडवा पडलाय, बाळा. मेलेल्या माणसाचा ताप मोजतोयस तू."

"मग आजी, तो पडल्यावरही तुमचं डोकं कशानं दुखतं?"

"तू आल्यापासून दुखतंय."

लोक हसले. त्यालाही हसू आलं, भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं की आधीचा टॉवर जुन्या पद्धतीचा होता, येणारा तसाच असेल, नवं काही नाही. तू सांगितलं होतंस तेच. या वेळी कुणी उलट बोललं नाही. पण हात वर करा म्हटल्यावर हातही वर झाले नाहीत.

मग कादिर माझ्याकडे वळला. "बाईके, तुम्ही थोरले भाऊ, बुरुल वहिनींचं तुम्हीच सांगा. त्या टॉवरनं गेल्या, की टॉवर नसल्यानं गेल्या?"

दोन्ही बाजूंची माणसं गेला महिनाभर माझ्याकडे याचसाठी येत होती. कुणी म्हणायचं, फोन असता तर वाचली असती. कुणी म्हणायचं, टॉवरनं आधीच पोखरलं होतं तिला. चहा पिऊन जायचे. सभेत सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "तापानं गेली."

"ते आम्हालाही माहीत आहे."

"मग विचारता कशाला?"

रोग माणसांबरोबर आला. शहरातून आलेल्या टॅक्सीतून, लग्नाच्या जेवणातून. मला ते माहीत आहे आणि कादिरलाही आहे. सभा अर्धवट थांबली तेव्हा तो मला कुंपणाजवळ घेऊन गेला.

"बाईके, मी हात वर करणार नाही."

"अजून किरणांची भीती वाटते?"

"किरणं गेली खड्ड्यात." त्यानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "टॉवर आला की एसेनचा फोन येणार. आईला दे म्हणणार. मी कुणाला देऊ? आता निदान कुणी विचारत तरी नाही."

तेव्हा मला कळलं की मैदानात बसलेल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे. बाहेरगावच्या मुलांना कुणी काही सांगितलेलं नाही. टॉवर नसल्यामुळे कुणाला खोटं बोलावं लागलेलं नाही. सगळं गाव त्या आडव्या लोखंडाआड लपून बसलं आहे. मीही.

शेवटी सरपंच म्हणाले, "महिन्या-दीड महिन्यात बर्फ पडेल. घाटात गाडी जाणार नाही. मग कुणाला दम लागला तर तोंडानं ओरडणार आहात का बिश्केकपर्यंत?"

पहिला हात झूराकान आजीनं वर केला. सगळे बघत राहिले. ती म्हणाली, "उभा करा त्याला. उभा होता तेव्हा निदान कुठं आहे ते दिसत होतं."

मग एकेक हात वर गेला. कादिरचा गेला. माझाही.

विमानं सुरू होताहेत असं ऐकतो. मामांनी घाटावर जाऊन तुला फोन केला होता. वडिलांची तब्येत बरी नाही, ये, एवढंच म्हणाले. तू म्हणालास, कंत्राट संपल्यावर बघतो. आईबद्दल विचारलं नाहीस.

तुझे वडील


१० सप्टेंबर

शुमकार,

टॉवर आज सुरू झाला.

जुन्याच चौथऱ्यावर उभा केला आहे. भर दुपारी, लोक जेवून उठत होते तेव्हा, वर लाल दिवा लागला. थोडा वेळ काही झालं नाही. मग गावातला एक फोन वाजला, मग दुसरा, आणि मग सगळे एकदम वाजू लागले. फळ्यांवरून, पेट्यांतून, घडी घालून रचलेल्या गोधड्यांच्या थरांतून. तीन महिन्यांचं सगळं एकाच वेळी आत येत होतं. गेलेल्या माणसांचे फोनही वाजत होते. कुणी टॉर्चसाठी चालू ठेवले होते, कुणी फोटोंसाठी, कुणी उगाच, सवयीनं. बायका घरांतून बाहेर आल्या आणि रस्त्यात उभ्या राहिल्या. कुणी आत जाऊन फोन उचलला नाही. कुत्री अंग जमिनीला लावून पडली होती. नंतर आवाज विरळ होत गेले आणि थांबले.

येणाऱ्या निरोपाचा आवाज होतो. जाणाऱ्याचा होत नाही. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आपल्याच घरात असे निरोप पडून आहेत, असं मी समजत होतो.

कादिर धावत आला. फोन हातात असा धरला होता, जणू चटका बसतोय.

"बाईके, एसेनचा फोन आला होता. म्हणतो, आईचे निरोप आले. आत्ता आले म्हणतो."

"कालीमानचे?"

"पायाचं माप कळव, मोजे विणायला घेतलेत, असं म्हणाली म्हणतो. दात घासत जा म्हणाली. मोठ्यानं लावून सगळ्या खोलीला ऐकवतोय. हसतोय तो, बाईके." कादिर खाली उंबऱ्यावर बसला. "कालीमान बरी झाली का, मला वाटलं क्षणभर. मीच पुरली तिला."

आपल्या गावातून आज दुपारी नऊपैकी किती माणसं बोलली, मला माहीत नाही. सुरगुतला, मॉस्कोला, कुठं कुठं. मुलांनी ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं.

मी आत गेलो. पेटी उघडली. आईचा फोन तळाशी होता, बंद. हाताला मात्र कोमट लागला. पेटी उन्हात असते, त्यानंही असेल.

तेवढ्यात फळीवरचा माझा फोन वाजला. तू होतास.

हे बोलणं तुला माहीत आहे. तरी मी ते इथं लिहून ठेवतो, कारण त्या वेळी मी दुसरीकडे बघत बोलत होतो आणि ते तुला दिसलं नसेल.

तू म्हणालास, "बाबा, तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"मामा म्हणाले बरी नाही."

"बरी नाही, पण बरी आहे."

मागे एसेनच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि कालीमानचा. खरोखर तिचाच. मोज्यांचं सांगत होती.

तू म्हणालास, "इथं सगळ्यांना घरून निरोप आले. एसेनला आईचे सहा आले. टॉवर सुरू झाला ना तिकडे?"

"झाला."

"मग माझी आई अजून रागातच आहे का?"

पेटी माझ्यासमोर उघडी होती. मी बटण दाबलं असतं तर तुला उत्तर मिळालं असतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं, त्या पाऊण तासासकट. तेही त्या खोलीत, कालीमानच्या मोज्यांवर सगळे हसत असताना.

मी म्हणालो, "रागात नाही. ये म्हणते."

"तिनं म्हटलं असं?"

"हो."

"तिच्या तोंडानं?"

"हो."

तू म्हणालास, "तिला सांग, रविवारच्या विमानानं निघतो."

मी म्हणालो, "सांगतो."

आणि फोन ठेवल्यावर मी कबरीवर जाऊन सांगितलं.

तुझे वडील


१३ सप्टेंबर

शुमकार,

आज रात्री तू विमानात असशील. मामा आणि कादिर आज संध्याकाळीच बिश्केकला जाऊन थांबणार आहेत. तुला थेट घरी आणणार नाहीत. तुझ्याबरोबर एसेनही येतोय असं कळलं. कादिरनं त्याला कशानं बोलावलं ते मी विचारलं नाही. तुम्हाला दोघांना शेजारी बसवून सांगणार आहेत. ही पत्रं आणि आईचा फोन मी मामांबरोबर देतो आहे. तो बंद आहे.

मी तो ऐकलेला नाही. चार दिवस होते, घरात मी एकटा होतो. काल हातात घेऊन बसलो होतो. ती 'ये' म्हणाली की नाही, एवढं तरी कळावं असं वाटलं. तिच्या वतीनं मी जन्मात कधी बोललो नव्हतो, ती बोलू द्यायची नाही. आता बोललो आणि तू त्यावर निघालास. ते खोटं निघालं तर तू कुणाशी भांडणार? तरी उघडला नाही.

टॉवर टेकडीवर उभा आहे. झूराकान आजी आता मूठ दाखवत नाही. तिचं डोकं थांबलं म्हणते. माझी गुणगुण थांबलेली नाही. आज दुपारी मी तिचा अंदाज घेत घेत चालत गेलो, तर ती टेकडीकडून येत नव्हती. मी अंगणात, जिथं युर्त होता तिथं, येऊन थांबलो. गवत अजून गोलात दबलेलं आहे. तिथं ती सगळ्यांत जास्त आहे.

तू आलास की फोन सुरू कर. छोटे निरोप तू तुझे तुझे ऐक, कुठंही जाऊन ऐक. त्यात काय आहे ते मला सांगू नकोस. मी म्हटलं तसं असलं तरी सांगू नकोस आणि नसलं तरी नको. मी तुझ्या चेहऱ्याकडेही बघणार नाही.

शेवटचा मात्र एकट्यानं ऐकू नकोस. सुरुवातीला ती तुझं नाव घेते, तेवढं मला आठवतं. पुढचा बराच वेळ तिला बोलता येत नव्हतं. त्या वेळी बोलत होतो तो मी. तिचा हात धरून मी तिच्याशी काय काय बोललो, ते मी आधी कधी बोललो नव्हतो, आणि मला कुणी ऐकतंय हे माहीत नव्हतं. मामी येईपर्यंत मी बोलतच होतो. ती कधी गेली ते मला कळलं नाही, म्हणून तिच्यानंतरही बोलत राहिलो असेन.

तो आपण दोघं बसून ऐकू. मी थांबवायला सांगितलं तरी थांबवू नकोस.

तुझे वडील